ऑर्डर रद्द झालीच नव्हती

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या तीन-चार टॉवेल कारखान्यांची निर्यातीची कागदपत्रं मी करते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बँकेची पत्रं आणि परदेशी गिऱ्हाइकांच्या मेलना उत्तरं. कारखान्यांत मला 'इंग्लिशवाल्या मॅडम' म्हणतात. काम मात्र बहुतेक आकड्यांचं असतं. निदान डिसेंबरातल्या एका सकाळी त्यातल्या एका कारखान्याचे मालक अण्णा यांचा फोन आला तोवर माझा तसा समज होता.

"मॅडम, ऑर्डर गेली. हातातलं सोडून या की ओ लवकर."

अण्णांच्या शेडमध्ये एरवी गेटापासूनच ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी अर्धे लूम बंद होते आणि माझ्या चपलांचा आवाज मला ऐकू येत होता. आत लूमची देखभाल बघणारे जॉबरमामा दोन पोरांना घेऊन एका लूमवरचा बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, उतरवायच्या तयारीत होते. टेरी टॉवेलच्या लूमवर दोन बीम असतात. एकाच्या धाग्यांनी कापडाचा पाया विणला जातो, दुसऱ्याच्या धाग्यांचे ते मऊ वेढे उठतात. अर्धवट विणलेला बीम उतरवला की पुन्हा चढवताना हजारो धागे नव्याने जोडत बसायचं. शिवाय हे सूत गिऱ्हाइकाने पाठवलेल्या तुकड्याशी रंग जुळवून रंगवलेलं होतं, करडट हिरवं. सोलापुरी चादरीत ते खपवायचं म्हटलं तरी कुणी घेणार नाही.

"मामा, थोडं थांबता का? मी आत जाऊन येते."

"मला काय, थांबतो की. अण्णांनीच सांगितलंय उतरव म्हणून."

केबिनमध्ये अण्णा खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होते. पुतण्या कॉम्प्युटरपुढे. नुकताच बीकॉम झालेला, हुशार, पण मोबाईलवर भारी विश्वास. मेल इंग्लंडहून आली होती. हॉटेलांना टॉवेल-चादरी पुरवणारं गिऱ्हाईक, एकूण करार चोवीस हजार नगांचा. मेलमध्ये दोनच ओळी, त्यातली कामाची ही: 'वुई वुड लाइक टू कॉल ऑफ सिक्स थाउजंड पीसेस अगेन्स्ट द अबव्ह कॉन्ट्रॅक्ट, फॉर शिपमेंट बाय द एंड ऑफ जॅन्युअरी.'

पुतण्याने ती मोबाईलमधल्या भाषांतराच्या ॲपमध्ये टाकली होती. ॲपने सांगितलं होतं, 'आम्ही वरील कराराविरुद्ध ६००० नग रद्द करू इच्छितो.' कराराविरुद्ध! वाचून वाटावं, साहेब आता कोर्टातच जाणार. पुतण्याने उत्तरही लिहून ठेवलं होतं. तुमचं रद्द करणं आम्हाला मान्य, सूत आणि रंगाईचा खर्च भरून द्या, तोवर उरलेल्या अठरा हजारांचं काम बंद. फक्त 'सेंड' दाबायचं बाकी होतं, आणि ते माझ्यासाठी थांबलं होतं एवढंच.

मला तिथे एकच गोष्ट खटकली. माल रद्द करायचा, तर जानेवारीअखेर जहाजावर चढवायला कोण सांगेल?

पुतण्याची चूक म्हणावी असं काही नव्हतं. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणं किंवा मागे घेणं, हे आपण सगळे शाळेपासून शिकतो. चौरीचौरा घडल्यावर फेब्रुवारी १९२२ मध्ये गांधीजींनी असहकार चळवळ थांबवली, त्याला इंग्रजी पुस्तकांत 'कॉल्ड ऑफ'च म्हणतात. पावसाने मॅच कॉल ऑफ होते, संप कॉल ऑफ होतो. पण ब्रिटिश व्यापारात याच जोडीचा दुसरा एक वापर रोजचा आहे. मोठा करार आधी एकदाच करून ठेवायचा आणि मग गरज लागेल तसा त्यातला थोडाथोडा माल मागवायचा. या मागवण्यालाही 'कॉल ऑफ' म्हणतात. तिथल्या सरकारी खरेदीत मोठ्या कराराखाली होणाऱ्या छोट्या करारांना 'कॉल-ऑफ कॉन्ट्रॅक्ट' असं नावच आहे. युरोपीय संघाच्या व्हॅट नियमांत 'कॉल-ऑफ स्टॉक' आहे. ठरलेल्या गिऱ्हाइकासाठी माल आधीच दुसऱ्या सदस्य देशातल्या गोदामात नेऊन ठेवायचा आणि त्याने लागेल तसा काढून घ्यायचा. १ जानेवारी २०२० पासून सगळ्या सदस्य देशांना याचा एकच नियम लागू झाला आणि माल काढून घ्यायला १२ महिन्यांची मुदत ठरली.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघता व्हॅटचं नाव काढायची ती वेळ नव्हती. एवढंच म्हणाले, "अण्णा, ते सहा हजार नग उचलणार आहेत."

"उचलणार? म्हणजे उचल?"

"उचलच. चोवीस हजारांतली पहिली."

अण्णा सरळ होऊन बसले. व्यापाऱ्याने माल उचलला की नाही, हे त्यांच्या रोजच्या बोलण्यातलं. पुतण्या मात्र हटेना. "पण मॅडम, डिक्शनरीत पहिला अर्थ रद्दच आहे."

मी त्याला विचारलं, "ऊसतोडीला जाणारा माणूस म्हणतो, उचल घेतली. तेव्हा तो माल उचलतो का?"

"नाही. आगाऊ पैसे घेतो."

"आणि आपला व्यापारी उचल कमी झाली म्हणतो, तेव्हा?"

तो हसला. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने आहेत आणि टॉवेलही आहेत, पण उचल शब्दावरून कुणाची गल्लत झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. कोण, कशातून, काय उचलतंय, ते आपण न कळत बघतो. इंग्रजी वाचताना तेवढं बघायचं विसरतो.

मग खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. 'कॉल ऑफ'च्या पुढे काय आहे ते बघ म्हटलं. पुढे 'द कॉन्ट्रॅक्ट' किंवा 'द ऑर्डर' असतं, म्हणजे अख्खी वस्तू, तर घाबरायला हरकत नव्हती. इथे पुढे आकडा आहे, त्याच्यापुढे 'अगेन्स्ट' आणि करार, शेवटी पाठवायची तारीख. 'ऑफ'मध्ये मुळात बाजूला होण्याचा, वेगळं निघण्याचा भाव आहे. ठरलेली सभा बाजूला सारली तर ती रद्द होते. ढिगातून सहा हजार बाजूला काढले तर ती उचल होते.

'अगेन्स्ट'वर तो अडलाच. अगेन्स्ट म्हणजे विरुद्ध, यात त्याला शंका नव्हती. मी फाईलमधला बँकेचा कागद काढला. त्यावर 'डॉक्युमेंट्स अगेन्स्ट पेमेंट' लिहिलं होतं. आम्ही अशी कागदपत्रं नेहमी पाठवतो. गिऱ्हाइकाने बँकेत पैसे भरायचे आणि मगच माल सोडवायचे कागद हातात घ्यायचे. "यात कोण पैशांच्या विरुद्ध आहे?" अण्णा जोरात हसले. सकाळपासूनचं ते पहिलं हसू असावं. व्यापारातलं 'अगेन्स्ट' हे असंच, पैशांच्या बदल्यात, बिलापोटी, करारापोटी. मग करारच काढला. तिसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं की माल चार हप्त्यांत 'कॉल्ड ऑफ' केला जाईल. खाली अण्णांची सही.

त्यांची घाबरगुंडी उगाच नव्हती. या ऑर्डरवर त्यांनी बँकेकडून पॅकिंग क्रेडिट उचललं होतं. निर्यातीचा माल तयार करण्यासाठी मिळणारं हे कर्ज, आणि त्याचा आधार ही ऑर्डरच. ऑर्डर गेली की बँक विचारणार. गंमत अशी की खरं घाबरायचं ते 'कॉल इन'ला. 'बँक कॉल्ड इन द लोन' म्हणजे बँकेने कर्ज मुदतीआधी परत मागितलं. दिसायला 'ऑफ'पेक्षा 'इन' किती गरीब! हीच 'कॉल' माझ्या कागदांत दिवसभर वेगवेगळी सोबत घेऊन फिरते. न्हावा शेवाहून निघालेलं जहाज वाटेत कोलंबोला थांबणार असेल तर ते कोलंबो बंदरावर 'कॉल ॲट' करतं. तिथून कुणी कुणाला फोन लावत नाही. नमुन्याच्या कागदावर 'कॉल्स फॉर ५०० जीएसएम' असतं. म्हणजे एका चौरस मीटरला पाचशे ग्रॅम वजन हवंच. क्लासमध्ये अशा जोड्या पाठ करून घेतात, एका जोडीला एक अर्थ आणि खाली एक वाक्य. मला ती पद्धत मुळीच आवडत नाही. पुतण्याला 'कॉल ऑफ' पाठ नसतं, तर त्याने मेल पुन्हा एकदा तरी वाचली असती.

उत्तर मी लिहिलं. पहिल्या हप्त्याचे सहा हजार नग जानेवारीअखेरपर्यंत जहाजावर चढतील, उरलेल्यांच्या तारखा कळवाव्यात. त्यात 'कॉल ऑफ' घातलं नाही. घातलं असतं तर बरोबरच ठरलं असतं, पण अण्णा पाठीमागे उभं राहून वाचत होते आणि त्यांनी बजावलं होतं, "तो ऑफ परत नको बघा." वाचताना असे शब्द कळायला हवेत. लिहिताना मात्र 'शिप' आणि 'कन्फर्म' पुरतात, असं माझंही मत.

बाहेर येऊन मामांना सांगितलं, बीम राहू द्या. ते पोरांकडे वळून म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं, सावकाश करा?" आणि लूम लावायला गेले.

त्यांची सकाळ म्हणजे आपली दुपार. चहा होतो न होतो तोच इंग्लंडचं उत्तर आलं. तारखा मान्य, आणि खाली एक ओळ: मी जानेवारीच्या मध्यावर भारतात आहे, तेव्हा 'आय वुड लाइक टू कॉल ऑन यू'.

पुतण्याने या वेळी ॲप उघडलं नाही. बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. "ऑनच्या पुढे यू आहे," तो म्हणाला. "नंबर नाही, वेळ नाही. फोन तर नसणार."

"मग?"

"आपल्याकडे येतोय काय?"

येतच होता. जानेवारीचा मध्य म्हणजे संक्रांत, सिद्धेश्वरांची यात्रा, गड्ड्याची जत्रा. अण्णांनी तिथल्या तिथे स्टेशनजवळच्या लॉजला फोन लावला. खोली नाही म्हणाले. सात रस्त्यावरच्या दुसऱ्या हॉटेलला लावला. तिथेही नाही. तिसरा नंबर मी शोधून दिला.