वैशाखातली करवत

चैत्र सरत आला की आमच्या सोसायटीच्या नोटीसबोर्डावर दोन कागद लागतात. एक पाण्याची टाकी धुण्याचा, दुसरा पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटण्याचा. दुसऱ्याला कुणी हरकत घेत नाही, आणि घ्यावी असंही नाही. मुंबईच्या पावसात रेन ट्रीची भली मोठी फांदी कुणाच्या डोक्यावर पडेल याचा भरवसा नसतो.

अडचण एवढीच, की माणसांची ही तयारी चालू असते तेव्हा कावळ्याचं घर नेमकं भरलेलं असतं.

‘काऊचं घर शेणाचं’ ही गोष्ट शहरात कधीच जुनी झाली. इथल्या काऊचं घर तारेचं. बांधकामावरची तार, केबलचे तुकडे, कुणाच्या दोरीवरून पळवलेला हँगर, आणि आत अंड्यांसाठी काथ्या, केस, चिंध्या. असलं घर वळवाच्या पावसाला दाद देत नाही, करवतीपुढे मात्र टिकत नाही. अंडी उबायला 16-17 दिवस, पिल्लं उडायला पुढे तीन-चार आठवडे. त्यात कोकिळेनं आपलं अंडं सरकवलेलं असलं, तर कावळ्याची म्हणून तोडलेल्या फांदीबरोबर पुढल्या वसंताची कुहू कुहूही ट्रकमध्ये जाते.

या दिवसांत आमच्या पहिल्या मजल्यावरच्या काकू छत्री उघडून भाजीला जातात. ऊन असो नसो. गेटापाशी कावळा त्यांच्या डोक्यावर झेपावतो. “अहो, ते घरटं काढायला सांगा ना म्युनिसिपालिटीला,” त्या सेक्रेटरींना रोज म्हणतात. याच काकू भाद्रपदात गच्चीवर पान ठेवून “काव काव” करत ताटकळतात. पितृपक्षात कावळा येत नाही म्हणून आपण कासावीस होतो आणि वैशाखात तो जात नाही म्हणून! वास्तविक तो झेपावतो तेव्हा बहुतेकदा त्याचं पिल्लू जवळपास खाली उतरलेलं असतं. पंख फुटलेलं, पण उडण्याचा सराव नसलेलं. ते उचलून खोक्यात घालून घरी नेणं ही दया चुकीच्या ठिकाणी खर्च होते. झुडपात किंवा कठड्यावर ठेवून बाजूला व्हावं. पुढचं आईबाप बघतात.

कायद्याचं म्हणाल, तर 1972च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं, घरट्यांना त्रास देणं येतं. कावळ्याला मात्र त्यात उंदीर-घुशींच्या पंगतीला, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसवलं होतं. 2022च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. काकूंना मी हे सांगितलेलं नाही.

मग छाटणी पुढे ढकलावी का? मलाही वाटायचं, एवढं सोपं आहे. पण जून उजाडला की त्याच रेन ट्रीवर वंचक नावाचे छोटे बगळे आणि रातबगळे काटक्या रचू लागतात, खाली उभ्या गाड्या पांढऱ्या होतात, आणि पार्किंगवाल्यांची निराळीच तक्रार सुरू होते. थंडीत घार उंच शेंड्यावर बसते, पिंगळा ढोलीत. त्यामागोमाग पोपट. दिवाळीच्या आसपासचे दिवस त्यातल्या त्यात मोकळे म्हणायचे. पंचांगात छाटणीचा निर्दोष मुहूर्त नाही.

सगळ्यांत मोठा घात होतो तो तांबटाचा. टुक टुक करणारा हा चिमणीएवढा पक्षी वाळक्या, मऊ पडलेल्या फांदीत स्वतःच्या चोचीनं भोक पाडतो. छाटणारा आधी तीच फांदी धरतो, कारण वाळकी फांदी म्हणजे मेलेली, असा आपला हिशेब. शिवाय ते भोक फांदीच्या खालच्या अंगाला असतं, म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही. वर चढलेल्या माणसाला ते दिसणार कसं? ते झाडाखाली उभं राहून, मान वर करूनच दिसतं. रस्त्यावर धोकादायक लोंबणारी वाळकी फांदी पाडायलाच हवी. पण मागच्या भिंतीकडे, जिथे खाली कुणी फिरकत नाही, तिथली चार वर्षं राहिली तर कुणाचं काय बिघडतं?

गावाकडचे जुने लोक कावळ्यानं घरटं कुठल्या झाडावर बांधलं ते बघून पाऊस सांगत. आंब्यावर, करंजावर असलं तर बरं वर्ष, बाभळीवर असलं तर धास्ती. अंदाज खरे ठरत की नाही ते सोडा. पेरणीआधी माणसं झाडाकडे बघत तरी होती.

यंदाच्या सभेत मी एवढंच मांडलं, की करवत लावण्याआधी कुणीतरी खाली उभं राहून प्रत्येक झाड नीट बघावं. घरटं असलेल्या फांदीला चुन्याची खूण करावी, आणि तिला तेवढी महिनाभर सवलत द्यावी. ठराव दोन मिनिटांत मंजूर झाला. ‘कुणीतरी’ म्हणजे कोण, यावर अर्धा तास गेला. शेवटी काम काकूंकडे आलं, कारण कुठलं घरटं कुठल्या फांदीवर आहे हे छत्रीखालून त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं.