तुम्ही विचारलंत म्हणून : कुत्र्याचं पिल्लू रात्रभर कधी झोपेल?

"किती दिवसांत झोपायला लागेल?" शेजारी, नातलग, नातलगांचे शेजारी, सगळे हेच विचारतात. तेही बहुतेकदा रात्री दोनला, मागे पिल्लू केकाटत असताना. त्यांना दिवसांचा आकडा हवा असतो, मी पिल्लाचं वय विचारते आणि तिथंच बोलणं बिनसतं. म्हणून एकदाच काय ते सविस्तर सांगून टाकते.

दोन महिन्यांच्या पिल्लाच्या मूत्राशयात रात्रभराची लघवी मावत नाही. सवय लावण्याचा भाग त्याच्या नंतरचा. ढोबळ हिशेब असा, की वय जितके महिने त्यात एक मिळवायचा, साधारण तेवढे तास पिल्लू धरून ठेवू शकतं. दोन महिन्यांचं ३ तास, तीन महिन्यांचं ४. झोपेत लघवी कमी तयार होते, त्यामुळे रात्री थोडी सवलत मिळते. तरीही अकराला झोपवलेलं दोन महिन्यांचं पिल्लू सकाळी सहापर्यंत कोरडं राहत नाही. चार-साडेचार महिन्यांचं बहुतेकदा राहतं. पॉमेरियनसारख्या लहान जातींना आणखी थोडा वेळ द्यावा लागतो. "सर्दीचं औषध थोडं पाजू का, म्हणजे झोपेल," असं विचारणारेही भेटतात. माणसाचं कुठलंही औषध स्वतःच्या मनानं पाजू नका. पॅरासिटामॉलनं तर कुत्र्याचं यकृत निकामी होऊ शकतं.

दुसरी गोष्ट ऐकायला कुणालाच आवडत नाही. पिल्लू मुळात फार लवकर आणलेलं असतं. लातूरकडून आणलेलं कारवानी जातीचं असो की गल्लीतल्या कुत्रीचं गावठी, "महिन्याचं आहे, छान खातंय" असं कौतुकानं सांगतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याला आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि त्याला कारण आहे. आई आणि भावंडांच्या ढिगात झोपणारं पिल्लू स्वतःची ऊब अजून नीट राखू शकत नाही. आई जवळपास असेल तर आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत सरळ तिच्याकडे परत ठेवा. नसेल तर पाण्याची बाटली कोमट करून, जाड फडक्यात गुंडाळून त्याच्या पाठीशी ठेवा. डिसेंबरात परभणीचा पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा ही बाटली मध्यरात्री बदलावी लागते. आईच्या अंगावर चोळून आणलेलं जुनं फडकं मिळालं तर उत्तमच.

आता संध्याकाळ. घरोघरी चुकतं ते इथंच. पाच ते आठ लेकरं पिल्लाला नाचवतात, आठला ते दमून कोसळतं आणि सगळे म्हणतात, आहाहा, झोपलं. मग साडेदहाला, तुम्ही अंथरुणं घालत असता तेव्हा, ते ताजंतवानं उठून चपला ओढायला लागतं. पिल्लाला दिवसाकाठी १८ ते २० तास झोप लागते, पण ती कधी घ्यायची हे तुम्ही थोडं सरकवू शकता. दुपारी झोपू द्या. सातच्या सुमारास शेवटचं खाणं द्या. नऊनंतर झोपलेलं दिसलं तरी हळूच उठवून अर्धा तास शांतपणे खेळवा, अकराला बाहेर न्या आणि मग झोपवा. रात्रीचं खाणं म्हणून दूध-भाकरी नको. गाई-म्हशीच्या दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही, आणि मग तीन वाजता ते लघवीसाठी नाही, जुलाबासाठी उठतं. पाणी झोपायच्या तासभर आधी उचला असं सगळीकडे सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हे ऐकू नका. पारा बेचाळीसवर असताना, गच्चीखालची खोली मध्यरात्रीपर्यंत तापलेली असताना पाणी काढून घेणं धोक्याचं आहे. त्या दिवसांत एकदा जास्त उठा.

झोपायची जागा म्हणजे टीव्हीचा किंवा कुलरचा मोकळा खोका पुरे. त्यात त्याला उभं राहता, वळता, अंग पसरता आलं पाहिजे, त्याहून मोठा नको. मोठा झाला की एक कोपरा झोपायचा आणि एक मुतायचा, अशी वाटणी ते स्वतःच करतं. आत जुनी सुती वाकळ घाला. पोतं नको, ताग चावून गिळतात आणि पोटात त्याचा गोळा होतो. खोका पहिल्या आठवड्यात तुमच्या अंथरुणाला लागून, हात पोचेल असा. पिल्लू रमलं की रोज हातभर दाराकडे सरकवायचा. ओसरीवर झोपावं अशी इच्छा असेल तरी पहिल्या दिवसापासून ओसरीवर नको.

आता तिसरी रात्र. पहिल्या दोन रात्री घर हौसेनं जागतं. तिसरीला हौस संपलेली असते, सकाळी कामाला जायचं असतं, आणि पिल्लाचं पुढचं सगळं वळण या रात्री ठरतं, असं माझं मत आहे. पिल्लू ओरडतच उठत नाही. आधी जांभई, मग खोक्यात एक-दोन गिरक्या, नाक खाली लावून हुंगणं, मग पुठ्ठ्यावर नखांचा आवाज. अर्धाएक मिनिट हे चालतं आणि त्यानंतर कुंईकुंई सुरू होते. गजर दीडला लावला असेल तर तुम्ही या अर्ध्या मिनिटाच्याही आधी तिथं असता. "ओरडलं की उठतो" यात आणि गजराला उठण्यात फरक हा, की गजराला उठलात तर ओरडल्यावर माणूस येतो हा धडा त्याला मिळतच नाही.

उचलून न्या. चालवत नेलं तर दोन पावलांवर, उंबऱ्यातच, करून मोकळं होतं. ट्यूबलाइट लावू नका, पण पायापुढे बॅटरी हवीच, पावसाळ्यात तर नक्की, मण्यार रात्रीच फिरते. रोज एकाच जागी ठेवा, स्वतः खांबासारखं उभं राहा, बोलू नका. पिल्लं लघवी बऱ्याचदा दोन टप्प्यांत करतात. थोडी केली की लगेच उचलू नका, ते हुंगत पुढे जाईल आणि उरलेली तिथं करेल. पाच मिनिटांत काहीच नाही केलं तर परत आणा. खोक्यात ठेवल्यावर कुरकुर करेल, तेव्हा काठावर हात ठेवून पडून राहा. पुन्हा गजर साडेचारला. सलग तीन रात्री कोरड्या गेल्या की दीडचा गजर पंधरा मिनिटं पुढे, पुन्हा तीन रात्री, पुन्हा पंधरा मिनिटं. असा तो साडेचारच्या गजराला जाऊन मिळतो आणि मग एकच गजर उरतो.

पण तिसऱ्या रात्री बहुतेक घरांत गजर लागलेलाच नसतो. पिल्लू ओरडतं, आतल्या खोलीतून आजी म्हणतात, "कुत्रं रडायलंय घरात, बरं नसतंय हे." सून नवऱ्याकडे बघते, नवरा उठतो आणि पिल्लू गोठ्यात नेऊन साखळीला बांधतो. आजींना मी दोष देत नाही. कुत्र्याचं रडणं अशुभ हे त्या जन्मभर ऐकत आल्या आहेत, आणि रात्री दोनला कुणी वाद घालत नाही. फक्त एवढं सांगा, की हेल काढून रडणं वेगळं आणि लेकरागत कुरकुरणं वेगळं. गोठ्यात काय होतं? साखळी खुंट्याभोवती गुंडाळली जाते, पिल्लू वीतभर जागेत अडकतं, तिथंच मुततं, त्यातच बसतं. साप निघाला तर पळता येत नाही. बीडच्या आष्टीकडे बिबट्याचा वावर आहे, तिथं बांधलेलं पिल्लू म्हणजे आयतं सावज. पहाटे ते गप्प होतं आणि सगळे म्हणतात, बघा, शिकलं. ते दमलेलं असतं. चौथ्या संध्याकाळी साखळी हातात दिसली की ते पलंगाखाली शिरतं, आणि अंगाखाली घाण न करण्याची जी उपजत सवय खोक्यात कामी येते, ती मोडलेली असते. मग मला फोन येतो, की हे पिल्लूच खोडसाळ आहे.

"एवढं करायला वेळ कुणाला आहे?" मान्य. रात्रपाळी असेल, घरात तान्हं बाळ असेल, तर मी सांगते की आत्ता पिल्लू आणू नका, चार महिने उलटलेलं आणा. यावर लोक नाराज होतात. माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

रडू द्यावं का, यावर पूर्वी माझं मत ठाम होतं. रडू द्या, दोन रात्रींत गप्प बसतं. बसतंही, ते खोटं नव्हतं. आता मी रडण्याचे प्रकार पाडते. झोपवल्याबरोबरची कुरकुर चढ-उतार करत दहा-पंधरा मिनिटांत विरते, तिच्याकडे लक्ष देऊ नका. गाढ झोपेतून उठून गिरक्या घेत केलेली कुंईकुंई म्हणजे बाहेर न्या. आणि आवाज चढतच चाललाय, धाप लागलीये, लाळ गळतेय, नखं रक्ताळतील इतकं खरवडतंय, ती घाबरगुंडी आहे, तिथं एकटं सोडलं तर दुसऱ्या रात्री जास्त घाबरतं. कागदावर हे तीन प्रकार स्वच्छ दिसतात. अंधारात, अर्धवट झोपेत, पहिला आणि दुसरा ओळखणं अवघडच. शंका आली तर बाहेर न्या. यानं पिल्लू लाडावतं असं म्हणणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही.

झालेली घाण पुसताना फरशी बघा. व्हिनेगर-पाणी निम्मं-निम्मं टाइलवर चालतं. शहाबादी फरशी चुनखडीची, व्हिनेगर तिला खातं. तिथं साबणाचं पाणी, मग खायचा सोडा. काळं फिनेल नको, पिल्लं फरशी चाटतात.

सगळं नीट करूनही झोपत नसेल तर दवाखाना. दर पंधरा-वीस मिनिटांनी थेंब-थेंब लघवी, विशेषतः मादी पिल्लाला, म्हणजे संसर्ग असू शकतो. फुगलेलं पोट म्हणजे बहुधा जंत. रात्रभर खाजवत असेल तर पिसवा किंवा गोचीड, पण गुरांच्या गोचिडाचं औषध पिल्लाला चोळू नका, विषबाधा होते. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तालुक्याला सरकारी दवाखाना आहे.

गादीवर घ्यावं की नाही हा प्रश्न राहिला. घेतलं तर लवकर झोपतं हे खरं, आणि पंचवीस किलोचं झाल्यावर उतरवता येत नाही हेही खरं. माझं अजून ठरत नाही. घ्यायचंच असेल तर गादी जमिनीवर टाका. झोपेत पलंगावरून पडून पुढचा पाय मोडू शकतो.