आमची वाटचाल: कपाटातून भिंतीवर

आम्ही बालवाड्यांसाठी भिंतीवर लावायचे लाकडी खेळण्यांचे फलक बनवतो. आमचे घराणे सुतारकामाचे. खानापूर तालुक्यात वडिलांनी आयुष्यभर दारे, खिडक्या आणि देव्हारे घडवले. मी मात्र बेळगावला उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, बारा वर्षे पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा तयार होतो तो लाकडी नमुना) बनवण्याचे काम केले. ओतलेले लोखंड निवताना आकसते, म्हणून लाकडी पॅटर्न त्या हिशेबाने किंचित मोठा ठेवावा लागतो. ही मापाची सवय पुढे खेळण्यांच्या कामी आली.

माझी पत्नी गावातल्या अंगणवाडीत शिक्षिका आहे. तिथे खेळणी होती, पण ती हरवतील, फुटतील आणि हिशेब द्यावा लागेल या धास्तीने बहुतेक वेळ कपाटात कुलूपबंद असत. एके दिवशी तिला न्यायला गेलो, तेव्हा साडेतीन वर्षांची एक मुलगी दाराची कडी उचलून कोयंड्यावर टाकत होती, नेम चुकला की पुन्हा उचलत होती, आणि दोन मुले आपली पाळी कधी येते याकडे डोळे लावून बाजूला उभी होती. त्याच आठवड्यात मी जुन्या दाराच्या फळीवर कडी-कोयंडा, खिट्टी आणि एक बिजागरीचे झाकण बसवून ती फळी अंगणवाडीच्या भिंतीवर लावली. भिंतीवरचे खेळणे कपाटात जात नाही, हरवत नाही, आणि एकाच वेळी दोघे-तिघे त्याच्यापुढे उभे राहू शकतात. आमचा सगळा व्यवसाय या एका गोष्टीवर उभा आहे.

चुका पुष्कळ झाल्या. पहिली फळी मी माझ्या छातीच्या उंचीला लावली होती आणि मुलांचे हात खालच्या खिट्टीपलीकडे पोहोचत नव्हते. आता फलकाची खालची कड जमिनीपासून दीड फुटावर आणि वरची साडेतीन फुटांच्या आत ठेवतो. दातेरी चाकांचा फलक केला, तो उन्हाळ्यात सुरेख फिरला, पण जुलैच्या पावसात प्लायवुडच्या उघड्या कडांनी ओल शोषली, चाके फुगली आणि एका शाळेतला फलक पंधरवड्यात अडकून बसला. लोखंड आकसण्याचा हिशेब इतकी वर्षे करूनही लाकूड फुगण्याचा हिशेब मी धरला नव्हता, याचे फार वाईट वाटले. तो फलक आम्ही पदरखर्चाने बदलून दिला. तेव्हापासून दात्यांत दीड मिलिमीटर मोकळीक सोडतो आणि प्रत्येक कडेला सीलरचे तीन हात देतो. जांभ्याच्या भिंतीत स्क्रू सैल होतात, म्हणून तिथे आधी सागवानी पट्टी सहा ठिकाणी पक्की करून फलक तिच्यावर चढवतो.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. त्या निमित्ताने खेळण्यांच्या सुरक्षिततेचे मानक नीट वाचले. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यातला सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावता कामा नये, असा त्यात नियम आहे. आमचे खोबणीतून सरकणारे मणी त्यामुळे ४० मिलिमीटरचे झाले. ते आम्ही चन्नपट्टणच्या कारागिरांकडून घेतो: लेथवर फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग लाकडावर पक्का बसतो. मूल मणी तोंडाला लावणारच, हे धरूनच काम करावे लागते.

आमच्या भागात एकाच अंगणवाडीत घरी मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले शेजारी बसतात. फलकावर मुळाक्षरे घाला, अशी मागणी वारंवार येते. सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी आम्ही देवनागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांच्या पाट्या करून देतो, पण लहानांच्या फलकावर एकही अक्षर नसते, कारण चाक कोणत्या बाजूला फिरेल हे समजायला भाषा लागत नाही, आणि एकाने फिरवलेले चाक दुसऱ्याच्या हाताखालचे चाक उलट फिरवते, तेव्हा ती दोघे एकमेकांकडे पाहतात. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला आसपासच्या साध्या वस्तूंतून बालशिक्षणाची साधने उभी केली, तो मार्ग आम्हाला आजही जवळचा वाटतो.

आज आम्ही पाच जण आहोत. बालवाड्यांबरोबर मुलांच्या दवाखान्यांतूनही काम येते. दिवाळीनंतर, भिंती वाळल्या की, लावलेला प्रत्येक फलक तपासून स्क्रू आवळायला मी स्वतः जातो. पत्नीच्या अंगणवाडीतली फळी अजून तीच आहे. कडी मात्र झिजल्यामुळे दोनदा बदलली.