ज्वालामुखीच्या माथ्यावरचे वाम मासे
सामोआ द्वीपसमूहातील ताऊ बेटाच्या पूर्वेस समुद्राखाली वायलुलुऊ हा जागृत ज्वालामुखी असून, त्याच्या सुमारे २ किलोमीटर रुंद मुखात २००१ नंतर चार वर्षांच्या आत जवळजवळ ३०० मीटर उंचीचा एक नवा सुळका उभा राहिला. २००५ मध्ये पाणबुडीतून तेथे उतरलेल्या संशोधकांनी त्याला नाफानुआ या सामोअन युद्धदेवतेचे नाव दिले.

या सुळक्याच्या माथ्यावर लाव्हाच्या उशांसारख्या खडकांमधील फटींतून डिसोमिना रुगोसा जातीचे, जेमतेम फूटभर लांबीचे वाम झुंडीने डोकावताना दिसले. आपल्या बाजारातील वाम याहून पुष्कळ मोठा आणि वेगळ्या कुळातला.

उष्ण झऱ्यांशेजारी राहूनही हे मासे तेथील जिवाणूंवर जगत नाहीत. प्रवाहाबरोबर माथ्यावर वाहत येणारे कोळंबीसारखे जीव हेच त्यांचे अन्न, आणि मला सर्वांत नवल वाटले ते याचेच. माथ्याच्या खाली, मुखाच्या तळाशी, मात्र आम्लयुक्त विषारी पाण्यात मासे आणि माकुल मरून पडलेले आढळले.