टाहो, ई-85 आणि रबरी पाईप

उसाच्या पट्ट्यात गॅरेज आहे म्हटल्यावर इथेनॉलपासून सुटका नाही. इथे सांगलीत माझ्याकडे येणारा प्रत्येकजण ई-20 ला, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, दोन शिव्या हासडतोच. म्हणून मुळातच इथेनॉलसाठी बनवलेल्या गाडीचं सांगतो: 2015 ची फ्लेक्स-फ्युएल शेवरोले टाहो. 5.3 लिटरचं व्ही-8 इंजिन, पेट्रोलवर 355 हॉर्सपॉवर. गावभागातल्या गल्लीत वळायची नाही, ते सोडा.

खरी गंमत इंधनात. पेट्रोल भरा, ई-85 (85 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन) भरा, नाहीतर दोन्ही मिसळा. एक किलो पेट्रोल जाळायला 14.7 किलो हवा लागते, निव्वळ इथेनॉलला फक्त 9. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. मिश्रण ओळखून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंधन फवारणारा इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. ॲव्हरेज साधारण पाव हिस्सा घटतं. ई-85 तेवढं स्वस्त नसेल तर परवडत नाही.

शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, साधं रबर फुगवतं. परवाच एका जुन्या मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमधलं सील काढलं, तर बोटाला चिकटलं, लिबलिबीत. टाहोत पाईप, सील, पंप सगळं इथेनॉल सोसणारं असतं. त्यामुळे साध्या गाडीला इथेनॉलसाठी ‘नुसतं रीमॅप करून देतो’ (म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून देतो) म्हणणाऱ्याला आधी विचारा, पाईप कुठले घालणार?