स्पार्टाची ढाल आणि उजवीकडे सरकणारी रांग

प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टा या नगरराज्याच्या सैनिकाचा खरा आधार भाला नव्हे, ढाल. सुमारे 90 सेंटीमीटर व्यासाची, लाकडी, वजन 6-8 किलो. डावा हात मधल्या पट्ट्यातून कोपरापर्यंत घालायचा, कडेची दोरी मुठीत धरायची. वजन नीट पेलतं, पण ढालीचा निम्मा भाग डावीकडे बाहेर उरतो. तो शेजाऱ्यासाठी.

गोची इथेच. जो तो आपली उघडी उजवी बाजू शेजाऱ्याच्या ढालीआड दडवतो आणि चालता चालता अख्खी रांग उजवीकडे सरकते. म्हणून तर स्पार्टाचे लोक सनईच्या जातीच्या जोडवाद्याच्या तालावर, धावपळ न करता पुढे जात. तरी इ.स.पू. 418 मध्ये मँटिनियाच्या लढाईत रांगेत फट पडलीच. स्पार्टाचा राजा एजिसने ती भरायचा हुकूम दिला, दोन सेनानी जागचे हलले नाहीत. लढाई जिंकली, त्या दोघांना मात्र हद्दपारी.

इ.स.पू. 371 मध्ये ल्यूक्ट्राच्या लढाईत थीब्ज या शत्रुनगराच्या सेनापती एपॅमिनोन्डासने डाव्या बाजूला एकामागे एक 50 माणसं उभी केली. समोर स्पार्टाची जेमतेम 12. स्पार्टाच्या सुमारे 700 पूर्ण हक्काच्या नागरिकांपैकी 400 पडले. ही तूट भरणार कशी? सामुदायिक भोजनाचा वाटा न देणाऱ्याचं नागरिकत्वच जायचं!