कान न टोचलेली पिस्तुलं

आमच्या कारखान्यातून जुन्या धाटणीचं पिस्तूल बाहेर पडतं ते कान न टोचताच. कान म्हणजे नळीच्या बुडाशी असतं ते बत्तीचं भोक, आग आतल्या दारूपर्यंत न्यायची वाट. ते नसलं की वस्तू शोभेची ठरते आणि परदेशी धाडणं सोपं जातं. पुढे तिकडचा जाणकार नळी तपासून भोक पाडतो. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात, ते असं.

मी कुडाळकडचा, नोकरीला उत्तरेत. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, पण ती केपवर, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या टोपीवर, उडायची. चकमकीचा, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर बार उडवायचा, कारभार मला इथे येईपर्यंत ठाऊकच नव्हता.

त्या वेळची ऑर्डर होती २० जोड्यांची. सतराव्या शतकाच्या अखेरचे फ्रेंच घोडेस्वार खोगिराच्या पुढे दोन्ही अंगांना एकेक पिस्तूल अडकवत, म्हणून जोड्या. गिऱ्हाईक म्हणजे जुन्या लढाया पोशाखासकट उभ्या करणारी हौशी मंडळी. शिवणीचा टाकासुद्धा त्या काळचा हवा म्हणणारी! या फ्रेंच पद्धतीच्या, ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचं श्रेय नॉर्मंडीतल्या लिसिओच्या मारँ ल बुर्जुआला देतात; काळ साधारण १६१०चा. खुबी अशी, की रंजकाच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूच्या, प्याल्याचं झाकण आणि चकमक आपटण्याची उभी पट्टी हा एकच तुकडा. आम्ही त्याला फ्रिझन म्हणतो. घोडा, म्हणजे गार धरणारा खटका, पडला की गारेचा मार पट्टीवर बसतो, त्याच धक्क्याने झाकण उघडतं आणि ठिणग्या थेट रंजकात.

माल भरायच्या आदल्या दिवशी मी सहज एक पिस्तूल उचललं, घोडा चढवला, चाप ओढला. खट्. ठिणगी नाही. गार बदलली, चामड्याची पट्टी घालून नीट आवळली. पुन्हा नुसतं खट्.

ठिणगी गारेची नसतेच, ती पोलादाची. गारेच्या धारेने फ्रिझनचा बारीक कीस निघतो आणि तोच पेटतो. त्यासाठी पट्टीचा पृष्ठभाग कडक लागतो. मी कानस फिरवली. ती घसरायला हवी होती. लोण्यात सुरी जावी तशी चावली. चाळीसही तपासली. तेरा मऊ.

तणतणत पोलाद तापवून, पाणी देऊन कडक करणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी फ्रिझन उजेडात धरला आणि शांतपणे म्हणाले, "पानी मैंने पूरा दिया था, साहब. आपने पॉलिश में उतरवा दिया."

खरं होतं. आधीच्या मालावर काळे डाग राहिल्याची तक्रार आली होती, म्हणून मीच पॉलिशवाल्या पोराला सांगितलं होतं, पट्टी आरशासारखी कर. आमचा फ्रिझन साध्या पोलादाचा, कडकपणा फक्त वरच्या पातळ सालीत. पोराने चाकावर धरून ती सालच काढली. आणि मी शाबासकीही दिली होती त्याला.

तेरा तुकडे हाडांच्या आणि लाकडी कोळशासोबत लोखंडी डब्यात भरले, झाकण मातीने लिंपलं आणि डबा भट्टीत ठेवला. कर्ब मुरायला तास जातातच. संध्याकाळी चाचांनी लालभडक तुकडे एका झटक्यात पाण्यात ओतले. एकाला तडा गेला, बारा वाचले.

दिवे घालवून आम्ही एकेक पिस्तूल ओढून पाहिलं. रिकाम्या प्याल्यात पिवळ्या ठिणग्या तडतडत पडत होत्या, आणि पॉलिशवाला पोरगा मोठ्याने मोजत होता.

तडकलेल्याच्या जागी जुन्या मालातला एक सुटा फ्रिझन बसवला. रंग किंचित निळसर, जोडीदाराशी न जुळणारा. त्याबद्दल अजून तरी कुणी लिहून कळवलेलं नाही.